व्हायरस गेला म्हणजे नक्की काय गेलं?

आपल्याकडे घरातल्या कॉम्प्युटरला काहीही झालं तरी निदान एकच असतं: "व्हायरस आलाय." आणि औषधही एकच: "फॉरमॅट मारा." पीसी स्लो झाला, व्हायरस. प्रिंटर चालेना, व्हायरस. माऊसची बॅटरी संपली तरी पहिला संशय व्हायरसवरच! मग कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरवाल्याकडे सीपीयू जातो (अख्ख्या डब्याला सीपीयू म्हणायची आपली जुनी पद्धत), तो दोन तासांत विंडोज टाकून देतो, पाचशे-सातशे रुपये घेतो आणि सगळे खूष. महिन्याभराने परत तेच.

आणि घरात एखादा आयटीवाला असेल तर विचारूच नका. तुम्ही ऑफिसात कुठल्यातरी विमा कंपनीच्या वेब सर्व्हिसेस लिहीत असता, पण मावशी, आत्या, शेजारचे काका यांच्या हिशेबात तुम्ही 'कॉम्प्युटरमधले'. त्यामुळे शनिवार-रविवारी गावाला गेलं की चहाच्या आधी पीसी पुढ्यात येतो. गेल्या काही वर्षांत असे बरेच पीसी बघून माझं एक ठाम मत झालंय, ते आज मांडतो.

मत असं आहे: 'व्हायरस काढणे' या नावाखाली तीन वेगवेगळी कामं असतात आणि आपण त्यातलं फक्त पहिलं करतो. पहिलं, कॉम्प्युटर पुन्हा चालायला लागणं. दुसरं, तो खरोखर स्वच्छ होणं. आणि तिसरं, झालेलं नुकसान थांबवणं. पहिलं झालं की आपण हुश्श करतो. पण धोका असतो तो उरलेल्या दोनांमध्ये.

आधी एक गाळणी लावून घेऊ. हल्ली "व्हायरस आलाय" म्हणून जे दाखवलं जातं, त्यातलं बरंचसं व्हायरस नसतंच. स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात "तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे" असं दर पाच मिनिटांनी येत असेल, तर बहुतेक वेळा कधीतरी कुठल्यातरी साइटवर 'अलाऊ' दाबलेलं असतं. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन नोटिफिकेशनची परवानगी काढली की संपलं. भोंगा वाजवून फोन नंबर दाखवणारं पान असेल तर ते बंद करायचं आणि त्या नंबरवर कधीही फोन करायचा नाही. याच प्रकारच्या टेक सपोर्ट फसवणुकीवरून ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने 'ऑपरेशन चक्र-२' मध्ये देशभर धाडी घातल्या होत्या. म्हणजे व्हायरस नसताना व्हायरस काढून देणं हाही एक धंदाच आहे!

आता खरा, चिवट व्हायरस. तो चिवट का असतो? लोकांना वाटतं की ती एक फाइल असते, ती सापडली, डिलीट केली, विषय संपला. पण स्वतःला एकाच जागी ठेवेल तो व्हायरस कसला! रजिस्ट्रीत विंडोज सुरू होताना चालणाऱ्या प्रोग्रॅम्सच्या यादीत तो एक नोंद टाकतो. टास्क शेड्युलरमध्ये दुसरी. एखादी सर्व्हिस म्हणून तिसरी. काही जण तर दोन प्रोसेस जोडीने चालवतात. एक मारली की दुसरी तिला लगेच उठवून बसवते. तुम्ही फाइल उडवता, अँटिव्हायरस हिरवी टिक दाखवतो, रीस्टार्ट करता... आणि महाराज परत हजर. कारण शेड्युल केलेल्या टास्कने मधल्या काळात ती फाइल पुन्हा डाउनलोड केलेली असते.

शिवाय तो तुमचे हातही बांधतो. आमच्या पिढीला आठवत असेल तो सॅलिटी. .ईएक्सई फाइल्सना लागण करायचा, टास्क मॅनेजर आणि रजिस्ट्री एडिटर बंद करायचा, आणि सेफ मोडला लागणाऱ्या रजिस्ट्रीतल्या नोंदीच पुसून टाकायचा, म्हणजे सेफ मोडमध्ये जायची सोयच नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये सापडलेला कॉन्फिकर तर अँटिव्हायरस कंपन्यांच्या साइट्सच उघडू द्यायचा नाही. गंमत म्हणजे तो ज्या भोकातून आत शिरायचा, त्याचं ठिगळ मायक्रोसॉफ्टने २३ ऑक्टोबर २००८ लाच दिलं होतं. पण आपल्याकडे विंडोज पायरेटेड, म्हणून अपडेट बंद, म्हणून ठिगळ नाही! वर तो पेन ड्राइव्हवरूनही फिरायचा. कॉलेजात प्रोजेक्टची प्रिंट काढायला झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राइव्ह लावला की घरी येताना 'प्रसाद' मिळायचाच. सगळे फोल्डर गायब आणि त्यांच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट, हे दृश्य ज्याने पाहिलं नाही तो भारतात इंजिनियरिंग शिकलाच नाही. (फोल्डर फक्त लपवलेले असायचे. पण सबमिशनच्या आदल्या रात्री हे कळायला अक्कल जागेवर लागते!)

ते व्हायरस त्रास द्यायचे, पण दिसायचे तरी. आजचे दिसतच नाहीत, आणि माझ्या मते हा सगळ्यात मोठा फरक आहे. आज घरच्या पीसीवर जे येतं त्यातला मोठा वर्ग 'इन्फोस्टीलर'चा. त्याला तुमचा पीसी बिघडवण्यात काडीचाही रस नसतो. ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड, कार्डाचे तपशील आणि लॉगिन चालू असल्याच्या खुणा, म्हणजे कुकीज, एवढं उचलायचं आणि पाठवून द्यायचं. हे काम काही मिनिटांत होतं. मग तो राहिला काय आणि गेला काय! कुकी चोरीला गेली की चोराला पासवर्ड आणि ओटीपी दोन्ही लागत नाहीत, कारण साइटला वाटतं की हे तुम्हीच, मघाशी लॉगिन केलेले. यातलाच एक 'लुमा' नावाचा. मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने युरोपोल, अमेरिकेचं न्याय खातं वगैरे मंडळींबरोबर त्याचं जाळं उद्ध्वस्त केलं, तेव्हा आधीच्या दोन महिन्यांत त्याची लागण झालेले ३ लाख ९४ हजारांवर विंडोज कॉम्प्युटर सापडले होते. दोन महिन्यांत!

आता सांगा, अशा पीसीला फॉरमॅट मारून काय साधलं? घरात चोर येऊन किल्ल्यांचे ठसे घेऊन गेला आणि आपण घराला रंग काढला.

एक उदाहरण देतो. माझी एक मावशी सांगलीला असते. शाळेतून रिटायर झाली, काका चार वर्षांपूर्वी गेले, आणि सोसायटीचे हिशेब हल्ली तीच बघते. एकदा कुठल्याशा नोटिशीच्या पीडीएफमध्ये तारीख बदलायची होती. समितीतल्या एका उत्साही गृहस्थांनी 'फुकट' पीडीएफ एडिटर टाकून दिला. पासवर्ड असलेली झिप फाइल, आणि सोबत सूचना: "इन्स्टॉल करताना अँटिव्हायरस बंद ठेवावा." मंडळी, या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की तिथून पळावं. झिपला पासवर्ड असतो तो अँटिव्हायरसला आत डोकावता येऊ नये म्हणून, आणि तरीही त्याने डोकावलंच तर काय, म्हणून ती सूचना. चोराने "कुत्रा बांधून ठेवा, मी येतोय" असा निरोप पाठवावा आणि आपण बांधावा, तसला हा प्रकार.

नंतर नेहमीचंच. ब्राउझर भलत्याच पानावर उघडायला लागला, टास्क मॅनेजर उघडताक्षणी मिटायला लागला. कॉम्प्युटरवाला येऊन बघून गेला. म्हणाला, "काकू, सगळं उडवायला लागेल. डी ड्राइव्हमध्ये पण गेलाय." डी ड्राइव्हमध्ये काकांचे फोटो होते. त्यांनी स्वतः जुने अल्बम एकेक करून स्कॅन केलेले, नावं-तारखा घालून लावलेले. दुसरी प्रत कुठेच नाही. मावशीने त्याला थांबवलं आणि मला फोन केला.

मी पोचलो तेव्हा दोन तासांच्या खटपटीने पीसी वरवर सरळ चालायला लागलाही. मावशी म्हणाली, "अरे चालतोय की आता! मग कशाला उगाच सगळं पुसत बसतोस?" हा प्रश्न रास्त आहे आणि याचं उत्तर प्रत्येक आयटीवाल्याला घरच्यांना समजेल अशा भाषेत देता आलं पाहिजे. मी म्हटलं, "मावशी, स्वयंपाकाला घरात घेतलेली बाई चोर निघाली आणि तिने स्वतःच सांगितलं की 'मी आता काही उचललेलं नाही', तर विश्वास ठेवशील का? हा पीसी स्वतःबद्दल जे सांगतोय ते त्याच चोराच्या तोंडून येतंय." तिला पटलं.

यात मी माझं काही सांगितलं नाही. युनिक्सच्या जनकांपैकी एक, केन थॉम्प्सन, याने ट्युरिंग पुरस्काराच्या निमित्ताने दिलेल्या आणि १९८४ मध्ये छापून आलेल्या भाषणात हाच विचार टोकाला नेला होता. कंपायलरमध्येच चोरवाट लपवली तर सोर्स कोड कितीही वाचा, ती दिसणार नाही, हे त्याने दाखवून दिलं. घरच्या पीसीपुरता अर्थ इतकाच, की ज्या सिस्टिमवर कब्जा झालाय, तिलाच "तू स्वच्छ आहेस का?" विचारण्यात अर्थ नसतो. तपासणारा बाहेरचा हवा.

म्हणून माझ्या मते चिवट व्हायरसशी चार-चार रात्री कुस्ती खेळणं हा शुद्ध आयटीवाल्याचा अहंकार आहे. मजा येते, शिकायला मिळतं, हे मान्य. स्वतःच्या जुन्या लॅपटॉपवर खुशाल करा. पण ज्या मशीनवरून कुणाच्या तरी आयुष्याची पुंजी असलेलं नेटबँकिंग चालतं, तिथे "बहुतेक गेला असावा" हे उत्तर चालत नाही. तिथे फॉरमॅटच बरोबर. माझं भांडण फॉरमॅटशी नाहीच. भांडण आहे ते क्रमाशी. आपण जे सगळ्यात आधी करतो ते चौथ्या नंबरवर यायला हवं.

पहिलं काम: इंटरनेट तोडा. वायफाय बंद, केबल बाहेर. बाहेर जाणारं थांबलं की निम्मी लढाई तिथेच.

दुसरं काम: दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून पासवर्ड बदला. आधी ईमेल, कारण बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड तिथूनच रीसेट होतात. मग बँक. आणि 'सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट' दाबायचं विसरू नका, त्याशिवाय चोरलेल्या कुकीज चालूच राहू शकतात. पैसे गेल्याचं दिसलं तर क्षणाचाही विचार न करता १९३० ला फोन करा, तो राष्ट्रीय सायबर गुन्हे हेल्पलाइनचा नंबर आहे. तिथे मिनिटांना किंमत असते. नातेवाइकांशी चर्चा नंतर करता येते.

तिसरं काम: डेटा बाहेर काढा, पण त्या विंडोजमधून नाही. दुसऱ्या कॉम्प्युटरवर लिनक्सचा लाइव्ह पेन ड्राइव्ह बनवा आणि पीसी त्यावरून चालू करा. म्हणजे डिस्कवरचा व्हायरस झोपलेला आणि आपण सामान हलवतोय. फोटो, डॉक्युमेंट्स, एक्सेल एवढंच घ्या. .ईएक्सई, सेटअप, क्रॅक यातलं काहीही घेऊ नका, "नंतर लागेल" म्हणूनही नाही. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क बऱ्याचदा एन्क्रिप्ट केलेली असते, तेव्हा रिकव्हरी की आधीच मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटमधून उतरवून घ्या. मावशीचे फोटो असेच निघाले, एकूणएक. डी ड्राइव्हमध्ये 'गेलेला' व्हायरस म्हणजे तिथल्या दोन सेटअप फाइल्स होत्या. त्यांच्यापायी सगळा अल्बम उडणार होता!

(फाइल्सची नावंच बदलली असतील आणि खंडणीची चिठ्ठी असेल तर ती गोष्ट वेगळी. ते रॅन्समवेअर. तिथे कुलूपबंद फाइल्स फेकू नका, एका डिस्कवर तशाच ठेवा. 'नो मोअर रॅन्सम' हा युरोपोल वगैरेंनी २०१६ मध्ये सुरू केलेला उपक्रम आहे. काही प्रकारच्या किल्ल्या तिथे फुकट मिळतात, आणि आज नसलेली किल्ली पुढे कधी मिळूही शकते.)

आणि आता चौथं काम: फॉरमॅट. सगळी पार्टिशन्स काढून, मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून घेतलेल्या विंडोजने. इथे सगळ्यात मोठा विनोद घडतो. विकत घेतलेल्या बहुतेक लॅपटॉपना विंडोजचं लायसन्स आधीच असतं. विंडोज १० पासून ते हार्डवेअरला जोडलेलं असल्यामुळे पुन्हा टाकलं की नेटवर आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं, एक पैसा लागत नाही. आणि तरीही कॉम्प्युटरवाला त्यावर स्वतःच्या पेन ड्राइव्हमधलं पायरेटेड विंडोज चढवतो आणि अ‍ॅक्टिव्हेटर चालवतो! २०२१ मध्ये 'केएमएसपिको' या गाजलेल्या अ‍ॅक्टिव्हेटरच्या नावाने फिरणाऱ्या इन्स्टॉलरमधून क्रिप्टबॉट नावाचा इन्फोस्टीलर पसरत असल्याचं उघड झालं होतं. म्हणजे व्हायरस काढायला गेलेला पीसी व्हायरस घेऊन परत. "महिन्याभराने परत तेच" याचं कारण कळलं ना?

पण मी त्या कॉम्प्युटरवाल्याला शिव्या घालणार नाही. तो पाचशे रुपयांत दोन तास देतो. डेटा वाचवायला एक दिवस लागतो, त्याचे दोन हजार मागितले तर आपणच म्हणतो, "अहो, नुसतं कॉपी-पेस्ट तर करायचंय!" रॅम बदलली की आपण बिल देतो, कारण रॅम हातात धरता येते. काकांचे फोटो वाचले हे हातात धरता येत नाही. आपण ज्याचे पैसे देतो ते तो करतो. साधा हिशेब आहे.

खरं तर हा धंदा आपल्या मराठी माणसांना परका नाही. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानातून सुरुवात करून कैलास आणि संजय काटकर या भावांनी क्विक हील उभी केली, तीही दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये व्हायरस सापडायला लागले म्हणूनच. म्हणजे दुरुस्तीच्या टेबलावर बसलेल्या माणसाला हे कळत नाही असं अजिबात नाही. गिऱ्हाईक मागतच नाही, हा प्रश्न आहे.

आता एक कडवट गोष्ट. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आई-बाबांकडे असलेल्या कितीतरी पीसींवर विंडोज ११ चढत नाही. तिथे मुदतवाढीची अपडेट्स घ्या, नाहीतर नुसतं यूट्यूब, ईमेल आणि लाइट बिल एवढंच काम असेल तर सरळ लिनक्स मिंट टाकून द्या. आणि बँकेचं काम अपडेट मिळणाऱ्या फोनवर हलवा. पण "चालतंय ना, मग चालू दे" हे करू नका. २००८ साली ठिगळ असून न लावल्याने काय झालं ते वर सांगितलंच.

आणि शेवटची गोष्ट, बॅकअप. ज्याच्याकडे बॅकअप आहे त्याच्यासाठी चिवटातला चिवट व्हायरस ही एका दुपारची कटकट असते. ज्याच्याकडे नाही त्याच्यासाठी साधा व्हायरसही सुतक. एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या. महिन्यातून एकदा लावायची, कॉपी करायची आणि काढून कपाटात ठेवायची. काढून ठेवणं महत्त्वाचं, कारण पीसीला लटकलेली डिस्क रॅन्समवेअर पीसीबरोबरच खाऊन टाकतं. शिवाय फोटोंची एक प्रत क्लाउडवर.

आपण दिवाळीला घरी मिठाईचा पुडा नेतो, नवा टीव्ही नेतो, बाबांना स्मार्टवॉच नेतो. पुढच्या वेळी एक हार्ड डिस्क न्या आणि एक दुपार काढून बसा. त्या जुनाट, कुरकुरणाऱ्या डब्याची बाजारात काही किंमत उरलेली नाही. त्याच्या आत जे आहे ते बाजारात मिळतच नाही.